सव्वा मिनिटाची रील

“कोर्स संपला. आता पोर्टफोलिओत काय काय घालू?” ॲनिमेशन शिकलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलामुलीचा हा प्रश्न असतो. त्याच घरात आईवडील वेगळाच प्रश्न विचारत असतात: “एवढी फी भरली, प्रमाणपत्र मिळालं, मग आता पुन्हा कामं कशाला दाखवायची?” पालकांचा प्रश्न आधी घेऊ. त्याचे उत्तर नीट कळले की मुलांचा प्रश्न निम्मा सुटतो.

१. प्रमाणपत्रातून काय कळत नाही?

स्टुडिओत नव्या उमेदवाराचे काम बहुधा त्याच्याबरोबर पुढे रोज बसणारा माणूसच पाहतो. तो त्या विभागाचा लीड किंवा सुपरवायझर असतो. त्याच्या डोक्यात एकच विचार चालू असतो: सोमवारी या मुलीसमोर एक शॉट ठेवला तर ती तो करू शकेल का, आणि तिच्या शेजारी मला किती वेळ बसावे लागेल? गुणपत्रिकेवरच्या ‘ए’ श्रेणीतून याचे उत्तर मिळत नाही. सहा सेकंदांच्या एका चांगल्या शॉटमधून मिळते.

हे पहिल्यापासून असेच होते असे नाही. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहत होता तेव्हा डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये तिथल्या मंडळींना शिकवायला आले. शिकणाऱ्यांमध्ये राम मोहन होते. ते मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी. पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून त्यांचे नाव झाले. त्या तुकडीने १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ हा लघुपट केला. शिकणे आणि काम करणे एकाच छताखाली चालले होते. चित्रकलेचा हात आणि शिकण्याची तयारी असलेल्या माणसाला आत गेल्यावर घडवले जात असे.

आज ते घडणे कोर्सवर आणि तुमच्या स्वतःच्या मेहनतीवर सोपवलेले आहे. मालिकेचा भाग ठरलेल्या तारखेला वाहिनीकडे जायचा असतो आणि लीडजवळ शिकवायला वेळ नसतो. त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जगातला मोठा समूह कोसळला, त्याच्या भारतातल्या कचेऱ्यांचे कामही थांबले आणि अनुभवी कलाकार मोठ्या संख्येने पुन्हा नोकरीच्या शोधात उतरले. नवख्याने हे जाणून असावे, पण घाबरून जाऊ नये. नवख्याकडून कोणी दहा वर्षांच्या अनुभवाची सफाई मागत नाही. पाया पक्का आहे का, नजर तयार आहे का आणि सांगितलेली दुरुस्ती त्याला करता येईल का, एवढेच पाहिले जाते. पोर्टफोलिओने या तीन गोष्टी दाखवायच्या असतात.

२. आधी विभाग ठरवा

‘ॲनिमेशनमध्ये नोकरी’ अशी नोकरी प्रत्यक्षात नसते. चित्रपटाचे किंवा मालिकेचे काम बऱ्याच विभागांतून पुढे सरकते. स्टोरीबोर्डवाले पटकथेची चित्रे काढतात. मॉडेलिंगवाले पात्र आणि वस्तू घडवतात. टेक्स्चरवाले त्यांना कातडी, कापड, गंज देतात. रिगिंगवाले पात्राच्या आत सांगाडा बसवतात आणि तो हलवण्याच्या कळा तयार करतात. यालाच ‘रिग’ म्हणतात. त्या कळा वापरून पात्राला चालवणारा तो ॲनिमेटर. पुढे लायटिंग येते आणि शेवटी सगळे थर एकत्र जुळवणारे कंपोझिटिंग.

कोर्समध्ये यातले सगळे थोडे थोडे शिकवतात आणि तसेच शिकवायला हवे. पण अर्ज करताना एक विभाग निवडावा लागतो. ॲनिमेटरच्या जागेसाठी आलेल्या रीलमध्ये, म्हणजे निवडक कामांच्या छोट्या चित्रफितीत, पहिली वीस सेकंदे फिरणारी तलवार आणि मागे लोगो दिसला, की बघणारा पुढे जातो. त्याला तलवार वाईट वाटलेली नसते. त्याला हवे ते तिथे नसते.

छोट्या स्टुडिओत एकाच माणसाला दोन-तीन कामे करावी लागतात हे खरे आहे. अशा ठिकाणी अर्ज करताना मुख्य रील एका विषयाची ठेवा आणि बाकीची कामे वेगळ्या पानावर किंवा वेगळ्या लिंकवर द्या. ‘मला सगळे येते’ या वाक्यावर स्टुडिओत विश्वास बसत नाही. ‘मला हे येते आणि याखेरीज हेही थोडे येते’ यावर बसतो.

कोणता विभाग निवडायचा, हे मित्राकडे पाहून ठरवू नका. रात्री उशीर झाला तरी कोणते काम सोडवत नाही, त्यावरून ठरवा. ज्याला पात्राच्या चेहऱ्यापेक्षा खोलीतला प्रकाश जास्त खुणावतो, त्याने ॲनिमेटर होण्याचा हट्ट धरू नये.

या प्रकरणात ॲनिमेटरच्या रीलबद्दल सविस्तर बोलू, कारण सर्वाधिक मुलांना तेच व्हायचे असते. इतर विभागांकडे पुढे येऊ.

३. चेंडूत काय एवढे पाहायचे?

ॲनिमेशनचा पहिला धडा म्हणजे उसळणारा चेंडू. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो. पण निवड करणाऱ्याला नेमकी याच धड्याची समज हवी असते, म्हणून तो एकदा गणित करून पाहू.

चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे २४ स्थिर चित्रे असतात. १२० सेंटीमीटर उंचीवरून सोडलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ फ्रेममध्ये, जमिनीवर येतो. या १२ फ्रेमचे चार-चारचे तीन गट करा. नवशिका विद्यार्थी प्रत्येक गटात चेंडू ४० सेंटीमीटर खाली आणतो. हिशेब बरोबर दिसतो, पण पडद्यावर चेंडू पडत नाही, उतरतो. कारण पडणारी वस्तू दर क्षणाला वेग घेत असते. सारख्या वेळांत ती कापत असलेल्या अंतरांचे प्रमाण १, ३, ५, ७ असे वाढत जाते. तेव्हा आपल्या तीन गटांत चेंडूने अंदाजे १३, ४० आणि ६७ सेंटीमीटर अंतर कापायला हवे. बेरीज तीच १२०, पण आता पाहणाऱ्याला गुरुत्वाकर्षण जाणवते.

एकूण किती फ्रेम लागल्या याला ‘टायमिंग’ म्हणतात आणि त्या फ्रेममध्ये अंतराची वाटणी कशी झाली याला ‘स्पेसिंग’. नवशिक्यांच्या रीलमध्ये टायमिंग बहुतेकदा बरे असते, स्पेसिंग फसलेले असते.

आता उसळी. टप्प्यानंतर चेंडू आधीच्या उंचीच्या दोन-तृतीयांश वर जातो असे धरा. म्हणजे १२० नंतर ८०, मग ५३ सेंटीमीटर. ८० सेंटीमीटर वर जायला सुमारे १० फ्रेम आणि खाली यायला १०. त्यापुढच्या टप्प्याला ८ आणि ८. उंची कमी झाली की वेळही कमी होतो. पुष्कळ मुले उंची कमी करतात आणि वेळ तोच ठेवतात, मग शेवटच्या टप्प्यांत चेंडू पाण्यात असल्यासारखा तरंगतो.

यापुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्याच उंचीवरून टेनिसचा चेंडू आणि गोळाफेकीचा लोखंडी गोळा सोडा. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी खाली येतात. पडताना त्यांच्या वजनातला फरक दिसतच नाही. तो दिसतो जमिनीला लागल्यानंतर. चेंडू उसळतो, गोळा जेमतेम हलतो आणि थोडा गडगडून थांबतो. पडद्यावर वजन दाखवायचे म्हणजे वस्तू हळू किंवा जोरात हलवायची, असे विद्यार्थी समजतात. खरे तर वजन दिसते ते वस्तू थांबताना, दिशा बदलताना आणि कशाला तरी आदळताना. ज्याला हे कळले, त्याच्या प्रत्येक शॉटमध्ये ते उतरते. उडी मारून उतरलेल्या पात्राचे गुडघे किती वाकले आणि सावरायला किती फ्रेम लागल्या, एवढ्यावरून लीडला समजते की या मुलाने चेंडू मन लावून केला होता.

म्हणजे रीलमध्ये चेंडू ठेवायचाच का? तुमच्याकडे पात्रांचे चांगले शॉट असतील तर नको. नसतील तर ठेवा, पण त्याला स्वभाव द्या. पायरी उतरायला घाबरणारा चेंडू आणि पायऱ्यांवरून बिनधास्त उड्या मारत येणारा चेंडू, असा आठ सेकंदांचा शॉट एखाद्या फसलेल्या ड्रॅगनपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो. पिक्सारचा ‘लक्सो ज्युनिअर’ (१९८६) आठवा. त्यात टेबलावरचे दोन दिवे आहेत, त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, तरी कोण पालक आणि कोण मूल हे लगेच कळते. आणि आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगपेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. जिवंतपणासाठी महागडे पात्र लागत नाही, ही गोष्ट आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाली आहे.

४. वजन कुठे पाहायचे?

चेंडूनंतर चाल, उडी, उचलणे, ढकलणे, मग संवाद आणि अभिनय, अशी चढण असते. चालीचे चार मुख्य टप्पे पुस्तकात सापडतात: टाच टेकली, अंग खाली गेले, मागचा पाय पुढच्याला ओलांडून आला, अंग वर उचलले. नेहमीच्या चालीत एका पावलाला १२ फ्रेम लागतात, म्हणजे सेकंदाला दोन पावले. रिचर्ड विल्यम्स यांच्या ‘द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’ (२००१) या पुस्तकात हे सगळे चित्रांसह आहे आणि जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याने ते चाळलेले असते.

अडचण तिथेच आहे. सगळ्यांनी तेच पुस्तक वाचले, सगळ्यांनी तोच फुकट मिळणारा रिग उतरवला, सगळ्यांनी त्याच इंग्रजी चित्रपटातला संवाद घेतला. एका कोर्सच्या पंधरा मुलांच्या रील ओळीने पाहिल्या तर कोणाची कोणती हे ओळखू येत नाही. वेगळेपणासाठी मुले आणखी प्लगइन शोधतात, आणखी स्फोट घालतात. माझ्या मते वेगळेपण त्यांच्या रोजच्या रस्त्यावर पडलेले आहे आणि तिकडे पाहायला त्यांना कोणी सांगितलेले नाही.

वाशीच्या बाजार समितीत सकाळी जाऊन उभे राहा. माथाडी कामगाराच्या पाठीवर पोते आले की आधी त्याचे गुडघे खचतात. मग एक पाय सरकून भाराखाली येतो आणि त्यानंतर चाल सुरू होते. पावले आखूड होतात, डोके पुढे येते, अंगाचे वरखाली होणे जवळपास थांबते, कारण प्रत्येक इंच वर उचलायला जास्त जोर लागतो. पुस्तकातल्या चालीत अंग वर जाते, इथे जात नाही. हा एक फरक तुमच्या शॉटमध्ये आला तर पाहणाऱ्याची नजर तिथे थांबेल.

मल्लखांबाच्या आखाड्यात जा. शरीराचा भार हातावरून पायाच्या पकडीवर कसा जातो, कोणत्या क्षणी खेळाडू स्थिर होतो आणि त्याआधी कोणता स्नायू ताणला जातो, ते पाहा. शरीराच्या हालचालीचा इतका चांगला वर्ग कोणत्याही संस्थेत भरत नाही. दादरला लोकल पकडणाऱ्यांना पाहा. गाडी थांबण्याआधी माणसाचा खांदा वळतो, पिशवी छातीशी येते, नजर दांड्यावर बसते आणि मग पाय उचलला जातो. मुख्य हालचालीच्या आधीची ही जी छोटी तयारी, तिला ‘अँटिसिपेशन’ म्हणतात. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या ॲनिमेटरांनी १९८१ मध्ये ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या पुस्तकात जी बारा तत्त्वे मांडली, त्यांतले हे एक.

पाहिलेले स्वतः करून मोबाइलवर चित्रित करा आणि फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत अभ्यासा. इथे एक सावधगिरी. बहुतेक मोबाइल सेकंदाला ३० फ्रेमने चित्रण करतात. त्या चित्रफितीत एक पाऊल १५ फ्रेमचे दिसले आणि तुम्ही २४ फ्रेमच्या प्रकल्पात १५ फ्रेमच दिल्या, तर अर्ध्या सेकंदाचे पाऊल ०.६२५ सेकंदाचे होते. चाल मंद का वाटते हे मग कळत नाही. आधी चित्रफीत २४ फ्रेममध्ये बदलून घ्या.

आणि चित्रण जसेच्या तसे उतरवून ठेवू नका. त्यातून काय ठेवायचे, काय वाढवायचे, काय गाळायचे हे ठरवण्यातच ॲनिमेटरची नजर दिसते.

५. दोन मिनिटे एक्कावन्न सेकंदांचे सव्वा मिनिट कसे होते?

नवख्याची रील एक ते दीड मिनिटाची असावी. ही सक्ती नाही, पण बहुतेक ठिकाणी एवढाच वेळ मिळतो. एक उदाहरण घेऊ.

समजा, एका विद्यार्थिनीला ॲनिमेटरच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. तिच्याकडची कामे अशी: उसळते चेंडू १२ सेकंद, लंबक ८, चाल १०, धावणे ६, जड खोके उचलणे ९, उडी ७, संवाद १४, दोन पात्रांचा प्रसंग १८, गटाने केलेला लघुपट ४५, लोगोचे ॲनिमेशन १२, रंगवलेली पार्श्वभूमी १०, स्वतः घडवलेले फिरते मॉडेल २०. एकूण १७१ सेकंद, म्हणजे २ मिनिटे ५१ सेकंद.

लोगो, पार्श्वभूमी आणि मॉडेल हे दुसऱ्या विभागांचे काम. ते काढले की ४२ सेकंद गेले, उरले १२९. चेंडू आणि लंबक यांतले ज्ञान उचलण्याच्या आणि उडीच्या शॉटमध्ये आलेच आहे, तेव्हा आणखी २० सेकंद काढा. उरले १०९. लघुपट पाच जणांनी केला होता आणि त्यात तिचे स्वतःचे दोनच शॉट होते, ११ सेकंदांचे. तेवढेच ठेवले की उरतात ७५. आता राहिला धावण्याचा शॉट. तिला तो आवडतो, त्यावर तिने आठवडे घालवले आहेत, पण त्यात पाय जमिनीवर सरकतो. तो काढायचा. उरले ६९. सुरुवातीला ३ सेकंद नाव आणि कामाचा विभाग, शेवटी ३ सेकंद फोन आणि ईमेल. झाली ७५ सेकंदांची रील.

यातला सर्वांत अवघड निर्णय धावण्याच्या शॉटचा आहे. शितावरून भाताची परीक्षा होते हे आपण घरात ऐकत आलो आहोत. परीक्षा घेणाऱ्याच्या हाताला नेमके ते कच्चे शीत लागले, तर बाकीचा भात कसा शिजला आहे हे तो पाहत बसत नाही. शिवाय तो असाही विचार करतो की पाय सरकतो हे या मुलीला दिसले नाही, आणि दिसले नसेल तर ती ते दुरुस्तही करू शकणार नाही. म्हणून रीलमध्ये काय आहे याइतकेच काय गाळले आहे यालाही महत्त्व आहे. गाळण्यातून नजर कळते.

क्रम सोपा आहे. सर्वांत चांगला शॉट पहिला. लघुपटासारखी हळूहळू रंगत चढवून शेवटी कळस गाठायचा मोह टाळा, कारण शेवटपर्यंत पाहिले जाईलच याची खात्री नाही. मुंबईच्या वैभव स्टुडिओजची ‘लँपुट’ ही संवाद नसलेली मालिका पंधरा-पंधरा सेकंदांच्या भागांपासून सुरू झाली होती. पंधरा सेकंदांत पात्र, पेच आणि हशा हे तिन्ही बसू शकते. ते भाग शोधून पाहा आणि तुमच्या १८ सेकंदांच्या प्रसंगातली सुरुवातीची चार सेकंदे खरेच लागतात का, ते ठरवा.

संगीत असेल तर हळू आणि साधे. कित्येक जण आवाज बंद करूनच पाहतात. संवादाच्या शॉटमध्ये मात्र आवाज स्पष्ट हवा, म्हणून तिथे मागचे संगीत थांबवा. संवादासाठी इंग्रजीच हवे असेही नाही. ओठांची ठेवण आवाजाशी जुळते का आणि बोलणाऱ्याच्या मनात काय चालले आहे हे चेहऱ्यावर उमटते का, हे मराठी संवादातही तितकेच कळते. बोलण्याची लकब तुमच्या कानात मुरलेली असेल तर काम अधिक खरे होते. परदेशी स्टुडिओला पाठवताना खाली इंग्रजी अर्थ द्या.

६. ॲनिमेटर व्हायचे नसेल तर

मॉडेलिंगच्या रीलमध्ये दोन-तीन पूर्ण कामे पुरतात: एक पात्र, एक जागा, एक वस्तू. प्रत्येक मॉडेल सावकाश फिरते दाखवा आणि मग त्यावरच्या रेषांची जाळी दाखवा. ही जाळी, म्हणजे टोपोलॉजी, नीट नसेल तर कोपर वाकवताच मॉडेल चुरगळते, म्हणून पाहणारा आधी तीच पाहतो. मॉडेल कसे दिसते याइतकेच ते पुढच्या विभागाला वापरता येईल का, यालाही मोल आहे. इथेही अंतराळातल्या सैनिकापेक्षा घरातला पितळी बंब, जुने शिलाई मशीन किंवा कोकणातले चिरेबंदी घर घडवा. खऱ्या वस्तूशी ताडून पाहता येते, त्यामुळे तुमचा प्रामाणिकपणा दिसतो.

स्टोरीबोर्डसाठी सुंदर चित्रे कमी महत्त्वाची, सलग प्रसंग जास्त. कॅमेरा कुठे आहे, कोण कोणाकडे पाहते आहे, हे शब्दांशिवाय कळले पाहिजे.

टूडी मालिकांमध्ये नवख्याला बहुधा क्लीनअप, म्हणजे कच्च्या रेषा साफ करणे, इनबिट्विन, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली चित्रे काढणे, किंवा आधी तयार केलेल्या कटआउट पात्रांचे ॲनिमेशन मिळते. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा ‘छोटा भीम’ २००८ पासून आणि मुंबईच्या कॉसमॉस-मायाची ‘मोटू पतलू’ २०१२ पासून चालू आहे. अशा दीर्घ मालिकांत पात्र प्रत्येक चित्रात तेच दिसणे ही पहिली अट असते. म्हणून एकच पात्र सगळ्या बाजूंनी आणि वेगवेगळ्या भावांत, मापे न बिघडता काढून दाखवा. रोजच्या रेखाटनवहीची चार-पाच उत्तम पानेही जोडा. रेल्वेच्या फलाटावर भराभर काढलेली माणसे इथे फार उपयोगी पडतात.

व्हीएफएक्सकडे, म्हणजे चित्रणावर संगणकाने केल्या जाणाऱ्या दृश्य-करामतींकडे, जाणाऱ्यांना मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नईत पहिली जागा बहुधा रोटोची मिळते. रोटो म्हणजे चित्रणातल्या माणसाची बाह्यरेषा फ्रेमगणिक आखून त्याला पार्श्वभूमीतून वेगळे करणे. हे काम चिकाटीचे आहे आणि त्याला कमी लेखू नये. त्याच्या रीलमध्ये मोकळे केस, पळणारे पाय आणि धूसर कडा असलेले अवघड शॉट हवेत, आधी-नंतर असे दाखवलेले.

महागड्या सॉफ्टवेअरची चिंता बरीच मुले करतात. ‘फ्लो’ (२०२४) हा लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांचा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये झाला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. स्टुडिओत माया किंवा हार्मनी वापरत असतील तर ते शिकावे लागेल, जाहिरातीत तसे लिहिलेले असते. पण हालचालीची समज असलेल्याला बटणे शिकवता येतात, हे प्रत्येक लीडला ठाऊक असते.

७. तुमचे किती आणि इतरांचे किती?

रीलबरोबर एक पानाची यादी द्या. प्रत्येक शॉटपुढे एक ओळ: हा शॉट कशासाठी केला, रिग कोणाचा, मॉडेल कोणाचे, माझे काम नेमके काय. “फक्त ॲनिमेशन माझे, रिग मोफत मिळालेला” असे लिहिण्यात कमीपणा काही नाही. रिग उसना असतो हे सगळ्यांना माहीत असते. न लिहिण्यात मात्र धोका आहे. हे क्षेत्र छोटे आहे आणि गटातल्या दोन मुलांनी एकच शॉट ‘माझा’ म्हणून एकाच स्टुडिओत पाठवला, तर दोघांवरचाही विश्वास जातो.

शिकवणीतल्या व्हिडिओबरहुकूम केलेले काम स्वतःचे म्हणून दाखवू नका. एआयकडून करून घेतलेली चित्रे किंवा हालचाली नोकरीच्या रीलमध्ये घालू नयेत असे माझे ठाम मत आहे. तुमचा हात आणि तुमची नजर पाहायला ते बसलेले असतात. कुठे आधार घेतलाच असेल तर यादीत तसे स्पष्ट लिहा. इंटर्नशिपमध्ये केलेले शॉट प्रदर्शित झालेले नसतील आणि तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केली असेल, तर ते परवानगीशिवाय कुठेही दाखवू नका.

८. पाठवताना आणि पाठवल्यावर

व्हिडिओ एमपी४, १९२० बाय १०८०. फाइलच्या नावात तुमचे नाव, विभाग आणि वर्ष. ‘फायनल_फायनल_२’ असे नाव नको. जड फाइल ईमेलला जोडण्यापेक्षा यूट्यूब किंवा व्हिमिओची लिंक द्या. ड्राइव्हची लिंक देणार असाल तर ती सर्वांना उघडता येईल अशी ठेवा. परवानगी मागणारी लिंक दिसली की पाहणारा पुढच्या अर्जाकडे वळतो. पाठवण्याआधी ती लिंक घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून पाहा. ईमेल पाच-सहा ओळींचा: कोणत्या जागेसाठी, कुठे शिकलात, लिंक आणि त्या स्टुडिओचे कोणते काम तुम्ही मनापासून पाहिले आहे.

रील आवडली तर बऱ्याचदा चाचणी देतात. एखादा छोटा शॉट आणि ठरावीक मुदत. मुदत पाळा. पूर्ण होणार नसेल तर जेवढे झाले तेवढे व्यवस्थित पाठवा आणि तसे सांगा. मुलाखतीत एखाद्या शॉटवर दुरुस्ती सुचवली तर बचाव करू नका, वहीत लिहून घ्या आणि जमले तर दोन दिवसांत सुधारलेला शॉट पाठवा. सूचना ऐकून काम बदलता येते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

पालकांनी एक लक्षात ठेवावे. नोकरीसाठी अनामत रक्कम, नोंदणी शुल्क किंवा ‘आधी सशुल्क प्रशिक्षण’ मागितले तर तिथून परत फिरा. आणि चाचणीच्या नावाखाली मालिकेचे बरेच शॉट फुकटात मागितले, तर नम्रपणे नकार द्यायला मुलांना शिकवा.

उत्तर आले नाही, म्हणून रील वाईट होती असे समजू नका. कधी जागा भरलेली असते, कधी प्रकल्प पुढे ढकललेला असतो. दर काही महिन्यांनी सर्वांत कमकुवत शॉट काढा, त्या जागी नवा घाला आणि त्याच स्टुडिओला पुन्हा पाठवा. त्यात संकोच वाटू देऊ नका. दुसऱ्यांदा आलेल्या रीलमध्ये प्रगती दिसली तर निवड करणाऱ्यांच्या ती लक्षात राहते.